संदर्भमुक्त व्याकरण व इंग्रजी वाक्यरचना

वाक्यातील घटकांची रचना मोजक्या, निःसंदिग्ध आणि यांत्रिक रीतीने लावता येण्याजोग्या नियमांनी वर्णन करणारी गणितीय व्याकरणपद्धती म्हणजे संदर्भमुक्त व्याकरण होय. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५६–५७ च्या सुमारास मुख्यतः इंग्रजीच्या आधारे ही पद्धती मांडली. भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही शास्त्रांत तिला पायाभूत स्थान मिळाले. मानवी भाषेच्या वर्णनास तिची शक्ती कोठवर पुरते व ती कोठे तोकडी पडते, हा प्रश्न पुढील अर्धशतक अभ्यासकांपुढे राहिला. या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले अरविंद कृष्ण जोशी (५ ऑगस्ट १९२९ – ३१ डिसेंबर २०१७) यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. याच विचारातून त्यांनी मराठी भाषकांच्या मराठी-इंग्रजी संमिश्र बोलण्याचेही नियमबद्ध विवेचन केले.

स्वरूप : संदर्भमुक्त व्याकरणातील प्रत्येक नियमाच्या डाव्या बाजूस एकच घटक असतो आणि त्याच्या जागी कोणते घटक कोणत्या क्रमाने मांडावयाचे ते उजव्या बाजूस दिलेले असते. त्या घटकाच्या मागेपुढे काय आहे, याचा विचार नियम लावताना करावा लागत नाही. म्हणूनच हे व्याकरण 'संदर्भमुक्त' म्हटले जाते. याउलट, संस्कृतातील संधिनियम संदर्भावर अवलंबून असतात. 'अति' व 'अंत' यांच्या संधीतून 'अत्यंत' हे रूप होताना 'इ' चा 'य्' होतो, तो पुढे विजातीय स्वर आहे म्हणून. तसा स्वर पुढे नसेल, तर हा नियम लागू होत नाही.

इंग्रजीच्या एका लहानशा भागाचे वर्णन पुढील नियमांनी करता येते :

वाक्य → नामबंध + क्रियाबंध
नामबंध → निर्देशक + नाम
नामबंध → नामबंध + अव्ययबंध
क्रियाबंध → क्रियापद + नामबंध
क्रियाबंध → क्रियाबंध + अव्ययबंध
अव्ययबंध → शब्दयोगी अव्यय + नामबंध

यांना जोडून 'द' व 'अ' हे निर्देशक, 'गार्ड', 'बॉय' व 'लँटर्न' ही नामे, 'सॉ' हे क्रियापद आणि 'विथ' हे शब्दयोगी अव्यय एवढा शब्दसंग्रह दिला की, 'द गार्ड सॉ द बॉय' यासारखी वाक्ये या नियमांतून निष्पन्न होतात. तिसऱ्या व पाचव्या नियमांत डावीकडील घटक उजवीकडेही पुन्हा येतो. या पुनरावर्तनामुळे अवघ्या सहा नियमांतून अगणित वाक्ये मिळू शकतात. कोणते नियम कोणत्या क्रमाने लागले, हे रेखाटल्यास वाक्याचा एक 'रचनावृक्ष' तयार होतो. वाक्य हे त्याचे मूळ, नामबंध व क्रियाबंध या त्याच्या शाखा आणि शब्द ही त्याची पाने होत.

संदिग्धता : वाक्यातील शब्द तेच असूनही त्यांचे गट वेगवेगळ्या रीतीने पडू शकतात, ही गोष्ट या पद्धतीने फार स्पष्टपणे दाखविता येते. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात रात्री थांबलेल्या आगगाडीचा गार्ड रुळांलगत एक मुलगा पाहतो, अशी कल्पना केल्यास 'द गार्ड सॉ द बॉय विथ अ लँटर्न' या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. 'विथ अ लँटर्न' हा बंध तिसऱ्या नियमाने 'द बॉय' या नामबंधास जोडला, तर कंदील मुलाजवळ आहे असा अर्थ होतो. तोच बंध पाचव्या नियमाने क्रियाबंधास जोडला, तर गार्डने कंदिलाच्या साहाय्याने मुलास पाहिले असा अर्थ होतो. मराठीत हे दोन आशय बहुधा भिन्न रूपांनी व्यक्त होतात. 'गार्डने कंदिलाच्या उजेडात मुलाला पाहिले' आणि 'गार्डने कंदीलवाल्या मुलाला पाहिले' यांत घोटाळा होत नाही, कारण प्रत्यय व शब्दक्रम संबंध उघड करतात. इंग्रजीत मात्र बंध कोठे जोडावयाचा हे वाचकाने ठरवावे लागते.

असे बंध वाढत गेले की संभाव्य रचनांची संख्याही झपाट्याने वाढते. वरील नियमांनुसार कर्मानंतर एक अव्ययबंध असल्यास दोन, दोन असल्यास ५, तीन असल्यास १४ व चार असल्यास ४२ रचना संभवतात. माणूस त्यांतील बहुतेक अर्थांची कल्पनाही न करता योग्य अर्थ उचलतो. यंत्राला मात्र त्या सर्व विचारात घेऊन निवड करावी लागते. संगणकाकडून वाक्यविश्लेषण करून घेण्यातील ही मूलभूत अडचण आहे.

पूर्वपीठिका : वाक्याचे भाग पाडून त्यांचे परस्परसंबंध सांगण्याची प्रथा जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सुमारे ४,००० सूत्रांत शब्दसिद्धीची प्रक्रिया क्रमबद्ध नियमांनी सांगितलेली आहे. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. उद्देश्य व विधेय वेगळे करून दाखविणारे वाक्यपृथक्करण महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. मात्र हे पृथक्करण विद्यार्थ्याच्या भाषाज्ञानावर विसंबून असे. भाषा मुळीच न जाणणाऱ्या यंत्राला ते करता यावे, इतके काटेकोर नियम देण्याचा प्रश्न तेव्हा उपस्थित झालेला नव्हता.

अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात वाक्याचे क्रमाने लगतच्या घटकांत विभाजन करण्याची पद्धत मांडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील झेलिग हॅरिस यांनी तिला अधिक काटेकोर रूप दिले. हॅरिस यांचे विद्यार्थी चॉम्स्की यांनी १९५६ च्या निबंधात व १९५७ च्या सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स या ग्रंथात व्याकरणांची त्यांच्या शक्तीनुसार तुलना केली. सर्वांत दुर्बळ व्याकरण मर्यादित अवस्थांच्या यंत्राशी समतुल्य असते. असे यंत्र शब्दामागून शब्द वाचत जाते, परंतु मागील मजकुरापैकी ठराविक मर्यादेपलीकडे काही लक्षात ठेवू शकत नाही. 'द बॉय द गार्ड सॉ फेल' म्हणजे 'गार्डने पाहिलेला मुलगा पडला' या वाक्यात पहिल्या नामाचे क्रियापद शेवटी येते आणि दुसऱ्या नामाचे त्याच्या आधी. अशी वाक्ये एकात एक गुंतवीत नेली, तर प्रलंबित नामांची संख्या कितीही वाढू शकते. शेवटी आलेले नाम आधी निकालात काढावयाचे, हे ताटांच्या चळतीतून वरचे ताट आधी उचलण्यासारखे आहे. अशी 'चळत' हाताशी असलेले यंत्र व संदर्भमुक्त व्याकरण यांची शक्ती समान असल्याचे पुढे सिद्ध झाले.

याच सुमारास संगणकाच्या आज्ञाभाषांच्या वर्णनासाठी जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये योजिलेली लेखनपद्धती पीटर नाउर यांनी संपादिलेल्या अल्गॉल-६० या भाषेच्या अहवालात वापरण्यात आली. ती संदर्भमुक्त व्याकरणाशी समतुल्य आहे. पाणिनीच्या पद्धतीशी तिचे साम्य लक्षात घेऊन पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला पाणिनी-बॅकस असे नाव द्यावे, असे सुचविले होते. तथापि पाणिनीचे अनेक नियम संदर्भसापेक्ष असल्याने हे साम्य मर्यादितच मानले पाहिजे.

युनिव्हॅकवरील प्रयोग : अरविंद जोशी यांनी पुणे विद्यापीठातून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी (१९५०) व बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून संदेशवहन अभियांत्रिकीची पदविका (१९५२) संपादन केली. पुढे ते अमेरिकेस गेले आणि फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीतील पीएच्.डी. त्यांनी १९६० मध्ये मिळविली. अभियंता असलेल्या जोशींचा भाषाशास्त्राशी निकट संबंध आला तो हॅरिस यांच्या प्रकल्पामुळे. जून १९५८ ते जुलै १९५९ या काळात या प्रकल्पात युनिव्हॅक या संगणकावर इंग्रजी वाक्यांचे विश्लेषण करणारी आज्ञावली तयार करण्यात आली. जोशींखेरीज लायला ग्लाइटमन, नेओमी सेगर, ब्रुरिया काउफमान व कॅरल चॉम्स्की यांचा त्या कामात सहभाग होता.

या आज्ञावलीची रचना मुख्यतः मर्यादित अवस्थांच्या यंत्रांच्या उतरंडीची होती. एका टप्प्यात साधे नामबंध, पुढील टप्प्यांत अव्ययबंध व क्रियापदसमूह आणि अखेरीस उपवाक्ये ओळखली जात. आधीच्या टप्प्याचे फलित हे पुढच्या टप्प्याचे साहित्य असे. दुर्बळ साधने योग्य क्रमाने रचल्यास बरेच काम उरकते आणि प्रबळ साधन केवळ अखेरच्या गुंतागुंतीसाठी राखून ठेवता येते, हा या प्रयोगाचा बोध होता. जोशी व फिल होपली यांनी १९९० नंतरच्या दशकात मूळ कागदपत्रांवरून ही आज्ञावली पुन्हा उभी केली. तेव्हा तीच मांडणी आधुनिक संगणकीय भाषाशास्त्रात नव्याने प्रचारात आली होती.

शक्तीचा प्रश्न : संदर्भमुक्त व्याकरण इंग्रजीस पुरेसे नाही, असे चॉम्स्की यांचे मत होते. कर्तरी व कर्मणी वाक्यांतील नाते किंवा प्रश्नार्थक वाक्यात कर्माचे आरंभी जाणे या गोष्टी केवळ घटकनियमांनी सांगता आल्या, तरी त्या अवजड रीतीने सांगाव्या लागतात. म्हणून त्यांनी एका रचनावृक्षाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे नियम जोडले. परंतु अशा रूपांतरणांवर पुरेसे निर्बंध नसल्यास व्याकरणाची शक्ती कोणत्याही संगणकीय यंत्राइतकी होते, असे स्टॅन्ली पीटर्स व रॉबर्ट रिची यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. ज्या व्याकरणातून काहीही निष्पन्न होऊ शकते, ते मानवी भाषेविषयी फारसे काही सांगत नाही. त्यामुळे दुर्बळ व्याकरण अपुरे आणि प्रबळ व्याकरण निरर्थक, असा पेच निर्माण झाला.

या पेचावर दोन दिशांनी विचार झाला. जेफ्री पुलम व जेरल्ड गॅझ्डर यांनी १९८२ मध्ये, मानवी भाषा संदर्भमुक्त नसल्याचे दाखविण्यासाठी तोवर मांडलेले युक्तिवाद सदोष असल्याचे दाखविले. घटकांना लिंग, वचन यांसारखे विशेष जोडून रूपांतरणाविना इंग्रजीचे विस्तृत व्याकरण लिहिण्याचा प्रयत्न गॅझ्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला (१९८५). त्याच वर्षी स्टुअर्ट शीबर यांनी स्वित्झर्लंडमधील जर्मन बोलीचा दाखला दिला. तीत काही वाक्यांमध्ये नामे एका क्रमाने व त्यांची क्रियापदेही त्याच क्रमाने येतात. येथे आधी आलेले नाम आधी निकालात काढावे लागत असल्याने चळतीची युक्ती चालत नाही. नामांच्या विभक्तींचे क्रियापदांशी जुळणे आवश्यक असल्यामुळे ही बोली संदर्भमुक्त नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

वृक्षसंयोगी व्याकरण : जोशी यांनी लिऑन लेव्ही व मासाको ताकाहाशी यांच्यासमवेत १९७५ मध्ये एक वेगळी पद्धती मांडली होती. तीत नियमांऐवजी लहान लहान रचनावृक्ष हेच मूळ घटक मानलेले आहेत. वृक्षाचा एक भाग एखाद्या गाठीशी अलग करून तेथे दुसरा वृक्ष बसवावयाचा आणि अलग केलेला भाग त्या नव्या वृक्षाच्या एका टोकास जोडावयाचा, ही यातील प्रमुख क्रिया होय. बागाईतीतील कलमाशी तिचे काहीसे साम्य आहे. उदा., 'व्हॉट द बॉय सॉ' या मूळ वृक्षात 'डिड द गार्ड से' हा वृक्ष बसविला की 'व्हॉट डिड द गार्ड से द बॉय सॉ' म्हणजे 'मुलाने काय पाहिले असे गार्ड म्हणाला ?' हे वाक्य सिद्ध होते. 'व्हॉट' व 'सॉ' हे शब्द आता दूर गेले असले, तरी त्यांचे नाते मूळच्या एकाच लहान वृक्षात नोंदलेले असते. अंतर वाढते ते मध्ये भर पडल्यामुळे. दूरचे संबंध अशा रीतीने स्थानिक करून दाखविणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

संदर्भमुक्त व्याकरणापेक्षा ही पद्धती किंचितच अधिक समर्थ आहे. मानवी भाषांच्या वर्णनास किती संदर्भसापेक्षता लागते, असा नेमका प्रश्न जोशी यांनी १९८५ च्या निबंधात विचारला आणि 'सौम्य संदर्भसापेक्ष' व्याकरणांचा एक वर्ग सुचविला. अशा व्याकरणाने समांतर क्रमाच्या मर्यादित रचना वर्णन कराव्यात, परंतु वाक्याचे विश्लेषण वाजवी वेळात होऊ शकावे, अशा त्यांच्या अटी होत्या. कॉक, यंगर व कासामी यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने संदर्भमुक्त विश्लेषण केल्यास वाक्याची लांबी दुप्पट झाली असता वेळ जास्तीत जास्त सुमारे आठपट होतो. के. विजय-शंकर व जोशी यांनी १९८५ मध्ये दिलेल्या रीतीने वृक्षसंयोगी व्याकरणासाठी ही वाढ ६४ पटींपर्यंत जाते. अधिक शक्तीसाठी द्यावी लागणारी ही किंमत मोठी असली, तरी ती मर्यादित आहे. स्वतंत्रपणे निर्माण झालेल्या इतर काही व्याकरणपद्धतींची शक्तीही नेमकी एवढीच आहे, असे जोशी, विजय-शंकर व डेव्हिड वीर यांच्या कामातून निष्पन्न झाले.

मराठी-इंग्रजी संमिश्र वाक्ये : प्राग येथे १९८२ मध्ये भरलेल्या संगणकीय भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जोशी यांनी एका वाक्यातच मराठी व इंग्रजी मिसळण्याच्या प्रकाराचे विवेचन सादर केले. शिक्षित मराठी भाषकांचे असे बोलणे बहुधा भाषेची भेसळ म्हणून धिक्कारले जाते. जोशी यांनी त्यातील नियमितता शोधली. मराठी ही आधारभाषा व इंग्रजी ही अंतर्भूत भाषा मानल्यास, मराठीच्या घटकाच्या जागी इंग्रजीचा घटक येऊ शकतो, परंतु उलट दिशेने बदल होत नाही. तसेच विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये, निर्देशक, साहाय्यक क्रियापदे यांसारखे मोजक्या संख्येचे व्याकरणिक शब्द आधारभाषेतीलच राहतात.

याचा पडताळा रोजच्या बोलण्यात येतो. 'मी इव्हनिंगच्या ट्रेनने लोणावळ्याला रीच झालो' असे वाक्य सहज ऐकू येते. त्यातील 'च्या', 'ने', 'ला' व 'झालो' ही रूपे मराठीच आहेत. 'ट्रेनने' ऐवजी 'ट्रेन बाय' किंवा 'बाय गाडी' असे मात्र कोणी म्हणत नाही. असे बोलणारास हा नियम कोणी शिकविलेला नसतो, तरीही तो पाळला जातो. वरवर अव्यवस्थित दिसणाऱ्या बोलण्याचाही सांगाडा एका व्याकरणाने सावरलेला असतो, हे दाखविण्यास दोन व्याकरणांच्या घटकांची नियमबद्ध अदलाबदल पुरेशी ठरली. संमिश्र भाषेच्या पुढील अभ्यासात या विवेचनाचा वारंवार विचार झाला आहे.

भारतीय भाषा व यांत्रिक भाषांतर : इंग्रजीत शब्दांचा क्रम बऱ्याच अंशी ठरलेला असल्यामुळे घटकनियम तिला चांगले लागू पडतात. मराठीत 'गार्डने मुलाला पाहिले' आणि 'मुलाला गार्डने पाहिले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध असून कर्ता व कर्म प्रत्ययांवरून कळतात. म्हणून भारतीय भाषांसाठी क्रियापद व कारकसंबंध यांवर उभारलेली पाणिनीय पद्धत अधिक सोयीची आहे, अशी भूमिका विनीत चैतन्य, राजीव संगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. तिचे विवेचन करणारा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 'मंत्र' ही भाषांतरप्रणाली वृक्षसंयोगी व्याकरणावर उभारली. प्रशासकीय इंग्रजी मजकुराचे हिंदीत भाषांतर करणे हा तिचा प्रमुख हेतू होता. पुण्यातून गेलेल्या एका अभियंत्याची फिलाडेल्फियात विकसित झालेली कल्पना अशा रीतीने पुण्यातील कार्यात उपयोगास आली.

मूल्यमापन : पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोशी यांनी ग्लाइटमन यांच्यासमवेत बोधनविज्ञान संशोधनसंस्थेची स्थापना केली. संगणकीय भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पहिला जीवनगौरव पुरस्कार (२००२), रूमेलहार्ट पारितोषिक (२००३) व बेंजामिन फ्रँक्लिन पदक (२००५) हे सन्मान त्यांना लाभले. याच विद्यापीठात मिचेल मार्कस यांच्या नेतृत्वाखाली १९८९ पासून इंग्रजी वाक्यांच्या रचनावृक्षांचा मोठा संग्रह तयार करण्यात आला. १९९३ मधील वृत्तांतानुसार त्यात ४५ लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर होता. संग्रहातील विश्लेषित वाक्यांवरून नियम काढून प्रत्येक नियमास त्याच्या वारंवारतेनुसार संभाव्यता जोडता येऊ लागली. संदिग्ध वाक्याच्या अनेक वृक्षांतून एकाची निवड करण्याचा जुना प्रश्न त्यामुळे काही प्रमाणात सुटला.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून प्रचंड मजकुरावरून स्वतःच शिकणाऱ्या यंत्रप्रणालींनी भाषांतर व लेखनाच्या कामांत हाताने लिहिलेल्या व्याकरणांची जागा घेतली. आज्ञाभाषांच्या विश्लेषणात मात्र संदर्भमुक्त व्याकरणे नित्याच्या वापरात आहेत. मानवी भाषेबाबत त्यांचे महत्त्व आता मुख्यतः मोजमापाचे आहे. एखादी रचना ओळखण्यास किमान किती स्मरण व किती शक्ती लागते, हे या व्याकरणांमुळे नेमकेपणाने सांगता येते. नव्या प्रणाली अशी रचना खरोखर आत्मसात करतात की केवळ शब्दांच्या साहचर्यावर निभावून नेतात, हे तपासण्यासाठी एकात एक गुंतलेली तीच जुनी इंग्रजी वाक्ये वापरली जातात. व्याकरणाची योग्यता त्यातून किती वाक्ये निष्पन्न होतात यापेक्षा किती कमी शक्तीत योग्य तेवढीच निष्पन्न होतात यावर ठरते, ही दृष्टी जोशी यांच्या कार्याने दृढ केली.